बिनखिळ्याची लाइन

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालक चाचांनी मला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही. माझी ट्रंक उघडायला लावली आणि म्हणाले, “खिळे किती आणलेस?”

मी अर्धापूरचा. घरची केळीची बाग सोडून लातूरला एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायला आलो होतो. आरसा आणि कॅलेंडर टांगायला लागतील म्हणून आईनं चार खिळे कागदात गुंडाळून दिले होते. ते चाचांनी काढून घेतले आणि एका पत्र्याच्या डब्यात टाकले. डब्यात आधीच्या भाडेकरूंचे खिळे होते. “जाताना घेऊन जा,” म्हणाले. “ह्या घरात भिंतीला खिळा न्हाई मारायचा. लाकडाला मार. लाकूड माफ करतं, भिंत करत न्हाई.”

मी नळाला पाणी कधी येतं ते विचारलं. तोवर चाचा अर्धा जिना उतरलेही होते. माणसानं विचारलं तर निदान थांबावं, हा शिष्टाचार त्यांच्या गावी नव्हता, असं माझं त्या दिवशी मत झालं. पुढचे आठ महिने ते मत मी छान जपलं. मास्तर मंडळींना एकदा मत बनलं की ते खोडरबरानं जात नाही.

चाचा जातीचे गवंडी. म्हणजे बापही गवंडी, आजाही गवंडी. लातुरातली निम्मी जुनी घरं आपल्या खानदानानं उभी केली असं ते सांगत आणि उरलेली निम्मी बघवत नाहीत असंही सांगत. मी गेलो तेव्हा भूकंपाला आठ-नऊ वर्षं झाली होती. शहराला आता वेगळंच वेड लागलं होतं. बारावीच्या निकालांनी लातूरचं नाव झालं होतं, राज्यभरातनं पोरं येत होती, आणि ज्याच्याकडे म्हणून दोन खोल्या होत्या तो वर आणखी दोन चढवत होता. समोरच्या घरमालकानं तर तीन मजले चढवून प्रत्येक गॅलरीत चार-चार पोरं कोंबली होती. चाचा सकाळी ओट्यावर चहा पीत त्या इमारतीकडे बघत बसायचे. अजून पडली नाही म्हणून त्यांना आनंद व्हायचा की वाईट वाटायचं, ते मला कधी नीट कळलं नाही.

त्यांच्या स्वतःच्या घरावर एकच खोली होती, तीही पत्र्याच्या छपराची. तिच्यात मी राहत होतो. उन्हाळ्यात मी भाजून निघायचो. एकदा तक्रार केली तर म्हणाले, “उकडल्यानं माणूस मरत न्हाई. डोक्यावर वजन नसावं माणसाच्या.”

आणि भिंतींवरच्या चिठ्ठ्या! घरात जिथं जिथं केसाएवढा तडा होता तिथं चाचांनी त्याच्यावर आडवी कागदाची पट्टी खळीनं चिकटवली होती आणि पट्टीवर तारीख टाकली होती. तडा हलला की कागद फाटतो. दर रविवारी चाचा चष्मा लावून घरभर फिरायचे आणि एकेक पट्टी तपासायचे. माझ्या खोलीत तीन पट्ट्या होत्या. मी झोपलेलो असलो तरी ते आत येऊन बघून जायचे. दारावर टकटक करणं त्यांना पसंत नव्हतं, आणि मी केलेली टकटक तर त्यांनी एकदाही मनावर घेतली नाही.

भूकंपानंतर त्यांनी नवं बांधकाम सोडलं होतं. फक्त भिंती तपासायचे. औश्यापासून, निलंग्यापासून लोक बोलवायला यायचे: चाचा, तेवढं घर बघून सांगा, राहावं का उतरवावं. चाचा पिशवीत एक छोटी हातोडी घेऊन निघायचे. मी एकदा हौसेनं त्यांच्याबरोबर गेलो होतो. गवंडी लोक भिंत ठोकून आवाज ऐकतात. भरीव भिंत वेगळी वाजते, पोकळ वेगळी. चाचा मात्र हातोडी घरमालकाच्या हातात द्यायचे. “तुमी ठोका.” आणि स्वतः भिंतीला दोन्ही तळवे लावून, डोळे मिटून उभे राहायचे. घरातली माणसं श्वास रोखून बघत असायची. पाच मिनिटांनी डोळे उघडून निकाल. “ही ऱ्हाऊ द्या. ती उतरवा. उद्याच.” लोक म्हणायचे, चाचांच्या कानाला भिंत बोलते. मला यात नाटक जास्त वाटायचं, पण त्यांचा निकाल चुकल्याचं कुणाकडून ऐकलं नाही.

क्लासच्या मालकांनी मला प्रश्नसंच तयार करायचं काम दिलं, म्हणून मी एक जुना कॉम्प्युटर घेतला. हैदराबादचा एक मित्र तिकडचे पेपर ई-मेलनं पाठवायला तयार होता. लातुरात सायबर कॅफे होते, नव्हते असं नाही. पण तिथं आमचेच विद्यार्थी बसलेले असत, आणि ते काय बघत असत ते बघून दुसऱ्या दिवशी त्यांना सेंद्रिय रसायन शिकवणं मला जड जायचं. घरीच इंटरनेट पाहिजे, असं मी ठरवलं. अडचण एवढीच होती की माझ्या खोलीत फोनची लाइन नव्हती. घरातला एकमेव फोन खाली चाचांच्या बैठकीत, खिडकीच्या चौकटीवर बसवलेल्या डबीतून आलेला. अर्थात चौकट लाकडाची होती.

मी चाचींना विचारलं. चाची म्हणजे चाचांच्या बायको, बारीक चणीच्या आणि हसऱ्या. त्या म्हणाल्या, “माझी ना न्हाई बेटा. फोन तसाबी मीच उचलते. भिंतीचं त्यांना विचार.”

भिंतीचं त्यांना विचारलं. म्हणजे वायरचं भेंडोळं दाखवलं, वर बोट केलं. चाचांनी खालची खिडकी बघितली, वरची खिडकी बघितली, मधली अकरा फुटांची कोरी भिंत बघितली.

“खिळा न्हाई.”

“मग वायर हवेत राहील का?” मी म्हणालो.

त्याचंही उत्तर आलं नाही. पण संध्याकाळी चाचींनी पातेलंभर मैद्याची खळ शिजवलेली दिसली. चाचांनी जुन्या वह्यांच्या पट्ट्या फाडल्या होत्या. तडे झाकायच्या त्याच पट्ट्यांनी ते माझी टेलिफोनची लाइन भिंतीला चिकटवणार होते. मी शिडीवर, चाचा खाली ओळंबा धरून. वायर दोन बोटं तिरकी गेली म्हणून त्यांनी मला सात पट्ट्या उखडायला लावल्या. “चाचा, आतून करंट जायचाय, माणूस न्हाई चढायचा!” मी वरून ओरडलो. ते शांतपणे ओळंब्याकडे बघत राहिले. शेवटी वायर अशी सरळ बसली की कुठल्या टेलिफोन खात्यानं जन्मात बसवली नसेल. प्रत्येक पट्टीवर तारीख घातली, तेव्हा कुठं मला खाली उतरू दिलं.

सकाळी उठून बघतो तर खालच्या पाच फुटांतली एकही पट्टी जागेवर नाही आणि वायर लोंबतेय. चाचींची शेळी मागच्या पायांवर उभी राहून सहावीपर्यंत पोचायचा प्रयत्न करत होती. तिला मैद्याची चव लागली होती. मी रसायनशास्त्राचा माणूस. खळीत मोरचूद घाला म्हणालो. चाचींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शेळीवर नाही, त्यांच्यावरच विषप्रयोग करायला निघालोय. मग चाचांनी त्यावर तोड काढली: खळीत मूठभर लाल तिखट. शेळीनं एक पट्टी खाल्ली आणि दुपारभर शिंकत अंगणात गोल गोल फिरली. त्यानंतर तिनं त्या भिंतीकडे पाठ करून बसायला सुरुवात केली. अशा रीतीनं माझ्या खोलीत टेलिफोन आला.

लाइन जोडायचा तो रविवार मी विसरणार नाही. मोडेम जुना, बाहेरून लावायचा, आणि त्याचा आवाज कमी करायचं बटण तुटलेलं. चाचा माझ्या खोलीत, कॉम्प्युटरकडे पाठ करून, खिडकीपाशी शेवटची पट्टी दाबत उभे होते. मी कनेक्ट केलं. ज्यांनी तो आवाज ऐकलाय त्यांना सांगायला नको: आधी किणकिण, मग किंकाळी, मग पत्र्यावर कुणी खिळा ओढतंय असा कर्कश खरखराट. त्यात पत्र्याची खोली. समोरच्या गॅलरीत पोरं आली. शेळीची मान कशात तरी अडकली असं वाटून चाची जिना चढून धापा टाकत आल्या. मी दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

चाचांनी पट्टी नीट दाबली, दोन बोटांनी कडा सारखी केली. मग न वळता, अगदी निवांत विचारलं, “मास्तर, सुरू कधी करून राहिलास?”

किंकाळी चालूच होती.

मी चाचींकडे बघितलं. चाचींनी माझ्याकडे बघितलं, आणि हळूच ओठांवर बोट ठेवलं.

आठ महिन्यांचं सगळं एका क्षणात उलटं झालं. जिन्यावरून न थांबणारे चाचा, दारावरची टकटक, हातोडी दुसऱ्याच्या हातात देणं, तळव्यांनी भिंत ऐकणं. माणूस ठार बहिरा होता आणि मी त्याला उद्धट म्हणत होतो. मला स्वतःची इतकी लाज वाटली की ई-मेल बघायचीही शुद्ध राहिली नाही.

चाचींनी दुसऱ्या दिवशी, चाचा नमाजला गेल्यावर, मला ओट्यावर बसवून सांगितलं. तीन वर्षांपूर्वी आधी एक कान गेला, मग दुसरा. चाचांनी त्यांना मुलाची शपथ घातली होती, की हे कुणाला सांगायचं नाही. “भिंत ठोकून ऐकायची, हाच धंदा हाय बेटा त्यांचा. कान गेला म्हटल्यावर कोण बोलवंल? भूकंपानंतर त्यांच्याजवळ हे एकच काम ऱ्हायलं. हे बी गेलं तर ते खाटेवरून उठायचे न्हाईत.”

मग भूकंपाचं सांगितलं. किल्लारीकडच्या एका खेड्यात चाचांनी तरुणपणी एक घर बांधलं होतं, दगडमातीचं, दीड हात जाड भिंतीचं, वर मातीचं माळवद. त्या काळी सगळे तसंच बांधत. त्या पहाटे ती भिंत पडली आणि तिच्याखाली एक म्हातारी आणि तिची सून गेली. चाचा तिथं मदतीला गेले तेव्हा त्यांनी आपण रचलेले दगड ओळखले. आपल्याच हातांनी एकेक उचलून बाजूला ठेवले. खिळ्यानं भिंत पडत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. पण त्यानंतर भिंतीला कुणी नखही लावलेलं त्यांना सोसेना. हे ऐकल्यावर मला माझे चार खिळे आठवले आणि मी मान खाली घातली.

त्यांना एकच मुलगा, घरात त्याला मुन्ना म्हणत. त्यानं सगळ्यांसारखंच म्हटलं: अब्बा, दोन मजले चढवू, पोरं ठेवू. चाचा नाही म्हणाले. वाद वाढला. मुन्ना म्हणाला, तुम्ही भिंतींना भिऊन आमची जिंदगी पत्र्याखाली घालवणार. चाचा म्हणाले, जा मग. तो गेला, थेट दम्मामला, एका कंपनीत नकाशे काढायच्या कामावर. जाताना बापाचा एक कान अधू होता, पण ते त्याला ठाऊक नव्हतं.

“फोन करत न्हाई का?” मी विचारलं.

“दर जुम्म्याला करतो. अब्बाला द्या म्हणतो. मी सांगते, नमाजला गेलेत. दुसरं काय सांगू?” चाची म्हणाल्या. “एकदा ईदला म्या जबरदस्तीनं ह्यांच्या हातात फोन दिला. हे म्हणाले, बरा हाय ना, तब्येत संभाळ, आणि ठेवून दिला. पोरगं तिकडं माफी मागत व्हतं रे. माफी मागता मागता बापानं फोन ठेवला. तवापासून त्याच्या मनात बसलं, की अब्बा आपलं नावबी घेऊ देत न्हाईत. आणि मला त्याचीच शपथ घातली. मी कसं तोडू?”

त्यानंतर कित्येक शुक्रवार मी वरून चाचींचं फोनवरचं खोटं ऐकत होतो. चाचा समोरच खाटेवर बसलेले असत, चाचींच्या ओठांकडे बघत. फोन ठेवला की विचारत, “काय म्हणला?” चाची म्हणत, “तुमची तब्येत विचारली.” चाचांचा चेहरा तेवढ्यावर उजळायचा. मला ते बघवत नसे.

एका बुधवारी अवेळी फोन आला. चाची रडत वर आल्या. मुन्नाची तीन वर्षं संपली होती. सुट्टी घेऊन घरी यावं, नाहीतर सुट्टी सोडून पुढचा पाच वर्षांचा करार करावा. त्यानं कराराचं ठरवलं होतं, शनिवारी सही. “म्हणतो, जिथं बाप तोंड बघत न्हाई तिथं येऊन काय करू. पाच वर्षं, बेटा. तवर आमच्यापैकी कोण असंल?”

मी म्हणालो, मी कळवतो त्याला, मला कुणी शपथ घातलेली नाही. चाचींनी हात धरला. “तू सांगितलंस तर ह्यांना वाटंल म्याच फोडलं. त्यांनी स्वतः सांगायला पाहिजे.”

मी मुन्नाला फोन लावून एवढंच सांगितलं, की भाडेकरू मास्तर बोलतोय; शुक्रवारी त्याच्याकडे दुपारचे दोन, आपल्याकडे साडेचार, तेव्हा मेसेंजरवर ये आणि तोपर्यंत सही करू नको. मग एका कागदाच्या पट्टीवर लिहिलं: “तुम्हाला ऐकू येत नाही हे मला कळलंय, चाचींनी सांगितलेलं नाही. मुन्नाला ते माहीत नाही, त्याला वाटतं तुम्ही रागावलात. शनिवारी तो पाच वर्षांच्या करारावर सही करणार आहे. शुक्रवारी साडेचारला तो माझ्या कॉम्प्युटरवर येईल. तिथं ऐकावं लागत नाही, फक्त वाचायचं.” खाली तारीख टाकली आणि चाचांच्या हातात दिली.

त्यांनी दोनदा वाचली. चेहरा काळाठिक्कर पडला. “कुणाला बोललास?”

मी मानेनं नाही म्हणालो. ते उठून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. गुरुवारी माझी खोली तपासली, एकही खिळा सापडला नाही म्हणून जास्तच चिडलेले दिसले. चाचींच्या हातचा चहाही मला अंगणातच मिळाला.

शुक्रवारी नमाजहून आल्यावर, सव्वाचारला, चाचा जिना चढून वर आले. धुतलेला सदरा, डोळ्यांत सुरमा. खुर्चीवर बसले. पडद्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, “पत्र लिहिलं व्हतं म्या त्याला. दोनदा. टाकलं न्हाई. कागदावरलं ऱ्हातं मास्तर, कुणीबी कुणाला दाखवतं. हे पुसतं का?”

“पुसतं,” मी ओठ मोठे हलवून म्हणालो.

“मग लाव.”

इंग्रजी अक्षरं त्यांना येत होती. नकाशे वाचून वाचून शिकलेले. पण कीबोर्ड बघून ते खवळले. “हा गवंडी कोण? विटा सगळ्या इस्कटून लावल्यात. ए हिकडं, बी कुठंतरी तिकडं.” मी मुन्ना आलाय का बघितलं. आला होता. नुसतं लिहिलं होतं, “अब्बा?” सगळं आपलंच बोलणं, इंग्रजी अक्षरांत.

“आता जा खाली,” चाचा म्हणाले.

मी जिन्यात जाऊन बसलो. चाची खाली फोनपाशी राखण करत होत्या, कारण कुणी रिसीव्हर उचलला की वरची लाइन तुटते हे मी त्यांना दहा वेळा बजावलं होतं. वरून एकेका अक्षराची टक ऐकू येई. टक. बराच वेळ काही नाही. टक. मी तेवढ्या वेळात अख्खा पेपर तपासला असता. पंधरा-वीस मिनिटांनी हाक आली, “मास्तर! गेली का काय लाइन? हा बोलून न्हाई राहिला.”

मी धावलो. लाइन चालू होती. पडद्यावर चाचांच्या एका बोटानं लिहिलेल्या ओळी होत्या: “मुन्ना. कान गेले. दोन्ही. तीन साल झाले. फोनमध्ये काही येत नाही. मी गुस्सा नाही. कधी नव्हतो.” आणि त्याखाली काहीच नाही. आम्ही दोघं त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिलो. चाचांनी हात मांडीखाली दाबून धरला.

मग ओळ आली. “फोन लावतोय. एंगेज लागतोय.”

बाप सांगतोय ऐकू येत नाही, आणि पोरगा पहिल्यांदा काय करतो तर फोन! मला हसू आलं. पुढची ओळ आली. “ईदला तुम्ही फोन ठेवला, तेव्हा मी माफी मागत होतो.”

चाचांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बोट कीबोर्डवर फिरवत एकेक अक्षर शोधलं. मी मदत करायला हात पुढं केला तो त्यांनी बाजूला सारला. त्यांनी लिहिलं, “ऐकलं नाही. आता लिही.”

त्यानं लिहिलं. भरभर, चुका करत, पडदा भरेपर्यंत लिहिलं. काय लिहिलं ते मी वाचलं नाही. मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. चाचा मोठ्यानं एकेक शब्द वाचत होते म्हणून थोडं ऐकू आलंच. मध्येच ते रडायला लागले. बहिऱ्या माणसाला स्वतःचं रडणं किती मोठं आहे ते कळत नाही. खालून चाची फोन सोडून धावत आल्या.

शेवटी मुन्नानं लिहिलं होतं, सही करत नाही, तिकीट काढतो.

“पुसू का?” मी चाचांना विचारलं.

त्यांनी माझा हात माउसवरून उचलून बाजूला ठेवला. “ऱ्हाऊ दे,” म्हणाले.

पुढच्या महिन्यात औश्याचा एक माणूस आला. जुनं घर, भूकंपापासूनचा तडा, घरात मुलीचं लग्न. मंडप टाकण्याआधी चाचांनी भिंत बघून द्यावी. चाचा खाटेवर बसले होते, हातोडीची पिशवी शेजारी. मी क्लासला निघालो होतो. माणूस सांगत होता, चाचा त्याच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

“मोठ्यानं बोला. मला ऐकू येत न्हाई.”

माणसानं माझ्याकडे बघितलं, मीच त्याला फसवल्यासारखं. मी घाईघाईनं म्हणालो, चाचा तळव्यांनी सांगतात, आजवर चुकले नाहीत. त्यानं मान डोलावली, चहा संपवला, “घरी विचारून सांगतो,” म्हणाला आणि उठला. तो परत येणार नाही हे आम्हा तिघांनाही कळलं. पुढं ते खरंच ठरलं, आणि बातमी औश्याहून निलंग्याला जायलाही वेळ लागला नाही.

चाचा त्याला फाटकापर्यंत सोडून आले. पिशवीतली हातोडी काढून त्यांनी खिडकीच्या फळीवर ठेवली. मला त्या माणसाचा राग आला होता, चाचांचा तर जास्तच. मी त्यांच्यासमोर उभा राहून ओरडलो, “कामून सांगितलंत? आजवर कुणाला कळलं नव्हतं!”

त्यांनी माझे ओठ वाचले. “जाऊ दे,” म्हणाले. “सोमवारी पोरगा येऊन राहिला.”

ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की समोरच्या गॅलऱ्यांतून पोरं वाकून बघायला लागली. चाची आतून म्हणाल्या, “हळू बोला, सगळ्या गल्लीला कळलं.” चाचांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी मान वर केली आणि त्या पोरांनाही सांगितलं, “सोमवारी पोरगा येऊन राहिला माझा.”